अर्धंच वाक्य छापलं

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे आज लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे सरका.

भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलं. दीड मिनिटाचं. ड्रोनमधून लोअर परळचे टॉवर, मागे ढॅणढॅण संगीत, आणि एक पोरगा ठणकावून सांगतोय की 1982च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. पुरावा काय, तर त्या वेळच्या पेपरातलं एक कात्रण. खाली आमच्या भाचेमहाशयांचा प्रश्न, "आत्या, आजोबापण होते ना यात? मग गिरणी त्यांनीच बंद पाडली?" आणि पुढे हसणारा चेहरा.

हसणारा चेहरा!

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात. जून-जुलैच्या सुमारास आमच्या लालबागच्या चाळीत एक पत्रकार आला. खांद्याला शबनम, चपला पावसाने भिजलेल्या. अण्णांनी त्याला कॉटवर बसवलं, आईने कोरा चहा दिला, कारण दूध नव्हतंच. तासभर तो लिहून घेत होता. अण्णा म्हणाले होते, "कामावर जायचंय हो, कुणाला नकोय? पण युनियन आमच्या मर्जीची पाहिजे, तोवर गेटात पाय टाकणार नाही." मी दाराशी उभी राहून ऐकलंय. मला अजून पाठ आहे.

छापून काय आलं? ‘आम्हाला कामावर जायचे आहे.’ बस. पुढे नाव, खातं आणि चाळीचा पत्ता.

तोंडावर कुणी फितूर म्हणालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नळावर आईची बादली मागे सरकायला लागली.

आता मला सांगा, त्या पोराने दाखवलेलं कात्रण कुणाच्या अर्ध्या वाक्यावर उभं होतं? अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली होती. ती काय फक्त बोनस आणि पगारवाढीसाठी? मुंबई औद्योगिक संबंध कायदा 1946चा. त्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराला ती नकोशी झाली होती, त्याला संपाचे पुढारी दत्ता सामंत हवे होते. हे वाक्य हेडलाइनीत मावत नाही. ‘संप चिघळला’ मावतं. चाळीस वर्षांनी तीच हेडलाइन इतिहास म्हणून माझ्या भाच्याच्या मोबाईलवर येते.

हो, सामंतांचंही चुकलं. माघार कुठे घ्यायची ते त्यांना कळलं नाही. मशिनरी जुनाट झाली होती, पॉवरलूमने धंदा खाल्ला होता, तेही खरंच. पण मग हे सगळं सांगा ना! संपाच्या एकट्याच्या डोक्यावर खापर का फोडता? आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे त्या रीलवाल्याला माहीत तरी आहे का?

जमिनींचंही तेच. 1991च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : पालिका, म्हाडा आणि मालक. 2001मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. ‘मोकळी’! एका शब्दाने पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा कुठच्या कुठे आक्रसला. 2006मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. तुमच्यापैकी किती जणांनी हे पहिल्या पानावर वाचल्याचं आठवतंय? मॉलच्या उद्घाटनाच्या पुरवण्या मात्र मला आठवतात. गुळगुळीत कागद, त्यावर भजी काढली तर तेलसुद्धा शोषलं जायचं नाही.

दरवर्षी 6 जानेवारीला पत्रकार दिन म्हणून ‘दर्पण’ची आठवण काढतात, 1832, बाळशास्त्री जांभेकर, हारतुरे. काढा की. पण 1920 साली बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, हे त्या स्टेजवर कुणी बोलत नाही. ज्याचं छापत नाहीत त्याला स्वतःचा पेपर काढावा लागतो, आणि ते प्रत्येकाला कुठे जमतं?

जमलंही होतं म्हणा आमच्याकडे. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, त्यांचा ‘दीनबंधु’ होता. रविवारची सुट्टी, जी तुम्ही-आम्ही लोळून काढतो, ती 1890मध्ये त्यांच्या चळवळीने मिळवून दिली. अत्र्यांचा ‘मराठा’ नसता तर संयुक्त महाराष्ट्राला तेवढी धार आली नसती. तेव्हा सगळेच पत्रकार तसले असं मी म्हणत नाहीये. (माझ्या लिस्टमध्ये तिघे आहेत, रागावू नका.)

अण्णांनी काय केलं सांगते. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मला बसवलं. आधी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर कच्चं लिहून घेतलं. ‘संपादक महाशय, सप्रेम नमस्कार. मी बोललो ते पूर्ण छापावे ही विनंती.’ मग तेच पोस्टकार्डावर. आठ-दहा दिवसांनी दुसरं कार्ड. मग तिसरं. एकही छापलं नाही, उत्तरही नाही. एकदा ते स्वतः ऑफिसात गेले, वॉचमनने खालीच बाकावर बसवलं, संध्याकाळी परत आले. आईला म्हणाले, "बिझी असतात ती माणसं."

आणि वेडेपणा बघा, पेपर बंद केला नाही. तोच पेपर, शेवटपर्यंत. गिरणी गेली, पुढे बारा वर्षं वॉचमनकी केली, तरी ड्युटीवर काखेत पेपर. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "अगं, येईल एखाद दिवस." कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. तेव्हा मलाही घाईच होती.

मघाशी माळ्यावरून ती वही काढली. पान पिवळं पडलंय, माझं सातवीतलं गोल गोल अक्षर, ‘विनंती’ची वेलांटी चुकलेली. अण्णांच्या त्या अर्ध्या वाक्याचं कात्रण आणि ते पान शेजारी ठेवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. भाच्याला लिहिलं, हे आजोबांचं पूर्ण वाक्य, वाच.

दोन निळ्या टिका आल्या. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज, "भारी आहे आत्या. पण याची लिंक आहे का?"