नासलेला रंग आणि वॉचमनची खोली

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत आज वॉचमनच्या खोलीला रंग द्यायला घेतला, याचा मला सकाळी आनंदच झाला होता. दुपारी जिना उतरताना मात्र नासक्या अंड्यांसारखा भपकारा आला. रहिवाशांनी माळ्यावर पडलेले उरलेल्या इमल्शनचे, म्हणजे भिंतीच्या पाण्यातल्या रंगाचे, डबे गोळा करून, ते एकाच बादलीत ओतून रंगाऱ्याच्या हाती दिले होते. "वाळला की वास जातो," असे एका सभासदांनी मला सांगितले.

तो जात नाही. हीच चूक मी सासूबाईंच्या खोलीत केलेली आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. गणपतीच्या आधी घाई होती. उरलेला अर्धा डबा उघडल्यावर वास आला, तरी मी रंग फडक्यातून गाळला आणि दोन हात देऊन मोकळी झाले. खिडक्या उघड्या होत्या तोवर काही जाणवले नाही. पावसाची झड लागून खिडक्या बंद झाल्या, तेव्हा भिंतीला पुन्हा वास सुटला. सासूबाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही. त्यांनी गादी हॉलमध्ये आणली आणि कारण विचारल्यावर "इथे वारा बरा लागतो" एवढेच म्हणाल्या.

पाण्यातल्या रंगाला दाटपणा यावा म्हणून त्यात बहुधा सेल्युलोजपासून केलेला पदार्थ घातलेला असतो, आणि जिवाणूंना तो खाद्य म्हणून चालतो. डब्यातले संरक्षक रसायन कालांतराने कमी पडते. त्यात आपण नळाचे पाणी घालतो, वापरलेला ब्रश बुडवतो, झाकण अर्धवट लावतो. मग रंग ताकासारखा पातळ होतो आणि कुजतो. त्यात जंतुनाशक ओतले, तरी जिवाणूंनी सोडलेली विकरे (एन्झाइम) मागे राहून दाटपणा मोडतच राहतात. ऑइलपेंटमध्ये पाणी नसल्याने त्याचे असे होत नाही. झाकण घट्ट असलेला, वास न येणारा जुना इमल्शनही ढवळून, गाळून खुशाल वापरावा, हे मला मान्य आहे.

पण जो रंग आपल्यापैकी एकानेही स्वतःच्या बेडरूमला लावला नसता, तो दहा बाय दहाच्या, एकाच खिडकीच्या खोलीत लावायचा आणि वर "फुकट रंगवून दिली" म्हणायचे, याचा मला संताप येतो. त्या घरात दोन लहान मुले झोपतात. त्यांची आई तरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? माझ्या सासूबाईंनी, हक्काच्या घरात असून, केली नव्हती.

ते सभासद वाईट गृहस्थ नाहीत. पैसे टाकून घेतलेला रंग फेकणे त्यांच्या जिवावर आले, तसेच ते माझ्याही आले होते. आणि फेकायचा म्हणजे गटारात ओतायचा, असेही नाही. इथले पाणी नासर्डी नदीला आणि पुढे गोदावरीलाच मिळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी टाकून दिलेले रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, तेव्हा घंटागाडीवर ते वेगळे सांगून द्यावेत.

सासूबाईंच्या भिंतीचा थर शेवटी खरवडून, ऑइल प्रायमर मारून नव्याने रंगवावा लागला होता. इथेही उद्या रंगारी तेच करणार आहे आणि नव्या डब्याचे पैसे मी देते आहे. आज रात्रीपुरती त्या मुलांची अंथरुणे आमच्या हॉलमध्ये आहेत, तेव्हा सासूबाईंची गादी होती तिथेच. त्यांनीच ती घातली.