‘जाड पत्रा, म्हणून सेफ’ : मसल कारच्या त्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘पैसे बँकेत सडवू नका, मसल कार घ्या’. वर लाल फोर्ड मस्टँगचा फोटो, खाली सहा मुद्दे. थोडक्यात म्हणणं असं की साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या या अमेरिकन गाड्या जाड पत्र्याच्या म्हणून आजच्या ‘प्लास्टिकच्या’ गाड्यांपेक्षा सेफ, प्रत्येकीत चारशे-साडेचारशे घोडे (हॉर्सपॉवर), दुरुस्ती घरच्या घरी, असली-नकली व्हिन नंबरवरून (गाडीवर कंपनीने ठोकलेला ओळख क्रमांक) पाच मिनिटांत कळतं, किंमत कधी उतरतच नाही, आणि वर पन्नास वर्षं झाली की भारतात टॅक्स न भरता नेता येते.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण माझा मावसभाऊ अभि मिशिगनात नोव्हीला असतो, त्याने हाच मेसेज मला पाठवून खाली लिहिलं, ‘दादा, ओहायोत ६६ ची मस्टँग बघितलीय, व्ही-एट आहे, रविवारी पिल्लूला मागे बसवून मस्त फिरवता येईल, पत्रा जाड आहे ना’. पिल्लू म्हणजे त्याची मुलगी, साडेतीन वर्षांची आहे. म्हणून लिहितोय, आणि सेफ्टीपासूनच सुरू करतोय, कारण बाकीच्या मुद्द्यांत जातात ते फक्त पैसे.

तर जाड पत्रा. हे ज्याने लिहिलं त्याने २००९ साली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने केलेली टेस्ट पाहिलेली नाही, किंवा पाहून गिळलीय. त्यांना पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू एकमेकींवर समोरून आदळल्या, ताशी ४० मैलांनी, पूर्ण समोरासमोर नाही तर ड्रायव्हरच्या बाजूने अर्धवट, जशी खरी टक्कर बहुतेक वेळा होते तशी. मालिबूतल्या डमीला पायाला किरकोळ इजा. बेल एअरमध्ये ड्रायव्हरची जागाच आत चेपली, स्टीअरिंग मागे आणि वर सरकून डमीच्या अंगावर आलं, आणि इन्स्टिट्यूटचा निष्कर्ष असा की खरा माणूस असता तर मेला असता किंवा फार गंभीर जखमी झाला असता. व्हिडिओ नेटवर आहे, शोधून बघा, स्लो मोशनमध्ये बघा. जाड पत्र्याने काय केलं? आघात शोषला नाही, तो सरळ आतल्या माणसाकडे पोचवला. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं बनवतात आणि माणूस बसतो तो पिंजरा कडक ठेवतात, म्हणून अपघातानंतर नवी गाडी बघवत नाही आणि माणूस मात्र चालत बाहेर येतो. आपल्याला गाडी वाचवायचीय की माणूस हे त्या मेसेजवाल्याने आधी ठरवावं.

आता कुणीतरी म्हणणारच की बेल एअर ही मसल कार नाही, आणि तिची चासीच वेगळी होती. बरोबर, मान्य. मग ६६ च्या मस्टँगकडेच येऊ. अमेरिकेत गाड्यांच्या सेफ्टीचे पहिले मोठे केंद्रीय नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. पुढच्या सीटला खांद्यावरचा पट्टा, टक्कर झाली की आत दबणारा स्टीअरिंगचा दांडा, ब्रेकची दोन वेगळी सर्किट्स, हे सगळं त्या नियमांत सक्तीचं झालं. ६६ ची गाडी त्याच्या आधीची. म्हणजे पट्टा फक्त कमरेचा, हेडरेस्ट नाही, आणि स्टीअरिंगचा दांडा एकसंध, समोरून ठोकली तर भाल्यासारखा छातीकडे येणारा. ब्रेकला मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) एकच, एका चाकाकडे जाणारी लाईन फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, आणि स्टँडर्ड मॉडेलला चारही ड्रम.

आणि मागची सीट, जिथे पिल्लूला बसवायचंय. त्या मस्टँगमध्ये पेट्रोलची टाकी डिकीत वरून सोडलेली असते, टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. कूपेमध्ये डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये लोखंडी भिंत नाही, सीटची पाठ आहे, संपलं. मागून कुणी जोरात ठोकली तर पेट्रोल कुठे येणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही (अभि स्वतः इंजिनियर आहे, म्हणून जास्तच चीड येते). कार सीट अडकवायचे हूक अमेरिकेत नव्या गाड्यांना २००२ पासून सक्तीचे झाले, ६६ च्या गाडीत ते कुठून येणार. हौशी लोक डबल मास्टर सिलिंडर टाकतात, पुढे डिस्क ब्रेक टाकतात, टाकीवर लोखंडी प्लेट बसवतात, थ्री-पॉइंट बेल्ट लावून घेतात, हे सगळं करता येतं आणि करावंच. तरी मी माझ्या पुतणीला त्यात बसू देणार नाही, रविवार असो की दिवाळी.

चारशे घोड्यांचं लवकर उरकतो. त्या काळात कंपन्या जो आकडा छापायच्या तो इंजिन स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे काढून मोजलेला. १९७२ पासून गाडीत बसवल्यावर मिळणारा, म्हणजे नेट आकडा सगळीकडे आला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते, कॉर्व्हेटचं ४५४ (क्युबिक इंचांचं) इंजिन, जुन्या पद्धतीने ३६५ आणि नव्या पद्धतीने २८५. इंजिन तेच, ऐंशी घोडे कागदावरच गेले. आणि अभिने बघितलेली मस्टँग बहुतेक साध्या २८९ ची असणार, तिचा छापील आकडाच २००, तोही जुन्या पद्धतीचा. २०१८ ते २०२४ च्या व्ही-सिक्स टोयोटा कॅमरीत ३०१ यायचे, नेट. हो, आवाज कॅमरीचा तसा येत नाही, ते मान्य.

दुरुस्ती घरी होते, हा मुद्दा नाईलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट्स, कॉम्प्युटर नाही, बॉनेट उघडलं की माणूस आत उभा राहील एवढी जागा. मस्टँगचे तर स्क्रूपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळे पार्ट नवे मिळतात, डायनाकॉर्न नावाची कंपनी फोर्डच्या लायसन्सवर पूर्ण बॉडी बनवून विकते. पण मेसेजवाल्याला गंज माहीत नाही. मस्टँगला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चासी, आणि मिशिगन-ओहायोत रस्त्यावर हिवाळाभर मीठ पडतं. पुढच्या काचेच्या खाली जी जाळी असते, हवा आत घ्यायची, तिच्या आतला पत्रा सडतो आणि पाणी डॅशबोर्डखालून पायात येतं. गाडी बघायला गेलात की त्या जाळीवर पाण्याची बाटली ओतायची आणि आत कार्पेट ओलं होतंय का बघायचं. विकणारा ‘नको नको’ म्हणाला तर उत्तर मिळालंच. हे काम घरच्या गॅरेजमध्ये पाना घेऊन होत नाही, तिथला पत्रा उघडायला स्पॉट वेल्ड फोडावे लागतात, आणि मजुरीचं बिल बघून भले भले शांत होतात.

आता व्हिन नंबर. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे, आणि मेसेज म्हणतो पाच मिनिटं!

पहिली पाँटिअ‍ॅक जीटीओ १९६४ ची, कंपनी जनरल मोटर्सचीच. तेव्हा जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मधल्या साइझच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. कंपनीचा इंजिनियर जॉन डीलोरियन आणि त्याच्या लोकांनी पळवाट काढली, ३८९ चं इंजिन वेगळी गाडी म्हणून न देता लमान्स मॉडेलवरचं ऑप्शन पॅकेज म्हणून दिलं. त्यामुळे ६४ आणि ६५ च्या जीटीओचा व्हिन नंबर साध्या लमान्ससारखाच असतो. नंबरावरून काही म्हणजे काही कळत नाही. ६६ ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला, तिथे कळतं. शेवरलेच्या शेव्हेल एसएसचं उलटं, ६६ ते ६८ चा एसएसचा नंबर १३८ ने सुरू होतो, आणि ६९ पासून एसएस हे ऑप्शन झालं की नंबर पुन्हा मुका. म्हणजे १९७० ची ४५४ इंजिनवाली एसएस, जिच्या नावावर सगळ्यात जास्त पैसा मागतात, तिचा नंबर साध्या व्ही-एट मालिबूसारखाच (मालिबू हे तेव्हा शेव्हेलचंच साधं मॉडेल). चार बॅज, एक बॉनेट, काळे पट्टे, एक मोठं इंजिन, आणि झाली मालिबूची एसएस. या हौशी मंडळींत जुना जोक आहे की एलएस-सिक्स (४५४ चं सगळ्यात ताकदवान इंजिन) शेव्हेल जेवढ्या बनल्या त्यापेक्षा जास्त आज शिल्लक आहेत.

मेसेजमध्ये पुढे म्हटलंय की इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला की डोळे झाकून घ्या. डोळे उघडे ठेवा. इंजिनवरचा जुना नंबर घासून नवा ठोकणं हा धंदा आहे, आणि ६८ च्या आधीच्या साध्या मस्टँगच्या इंजिनावर फोर्ड व्हिन ठोकतच नव्हती, फक्त ‘के’ कोडच्या २७१ घोड्यांच्या इंजिनावर ठोकायची. त्यामुळे ओहायोवाला जर म्हणत असेल की त्याच्या सी-कोड (म्हणजे साध्या २८९ च्या) ६६ चे ‘नंबर्स मॅचिंग’ आहेत, तर एक तर त्याला माहीत नाही, नाहीतर तुला माहीत नसेल असं त्याला वाटतंय. व्हिन नंबराचं पाचवं अक्षर बघ, तेवढं खरं सांगतं, ‘टी’ असेल तर ती जन्माने सहा सिलिंडरची, आज आत व्ही-एट असली तरी.

मग विश्वास कशावर? कागदावर. पाँटिअ‍ॅकसाठी पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे फॅक्टरीच्या बिलांचे रेकॉर्ड आहेत, पैसे भरा, कागद येतो. फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, पण तो १९६७ पासूनच्या गाड्यांचा. शेवरलेचं अमेरिकेतल्या गाड्यांचं तसं रेकॉर्ड नाही, तिथे फॅक्टरीतली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) मिळाली तर मिळाली, पेट्रोल टाकीच्या डोक्यावर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली. कागद नसेल तर गाडी क्लोन, म्हणजे साध्या गाडीची बनवलेली नक्कल, आहे असं धरून किंमत बोलायची. क्लोन घेण्यात काही पाप नाही, मजा तीच येते, पण पैसे मालिबूचे द्या.

किंमत उतरत नाही म्हणे, आणि पुरावा म्हणून २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेलेली प्लिमथची हेमी कुडा. ती १९७१ ची कन्व्हर्टिबल होती आणि तशा सगळ्या मिळून ११ बनल्या. मस्टँग पहिल्या दोन वर्षांत दहा लाख बनल्या. १९६४ ला मस्टँग २,३६८ डॉलरपासून सुरू व्हायची, महागाई धरली तर आजचे साधारण चोवीस हजार, आणि साधी सहा सिलिंडरची कूपे आज बऱ्याचदा त्याच्याही खाली जाते. मधल्या साठ वर्षांचं गॅरेज, इन्शुरन्स आणि पत्र्याचं काम वेगळं. २००८ च्या मंदीत मसल कारचे भाव जे कोसळले त्याचा उल्लेख तर मेसेजमध्ये नाहीच. आणि रोज चालवून पैसे वसूल करू म्हणशील तर मिशिगनची हिस्टॉरिक (जुन्या गाड्यांची) नंबरप्लेट घेतलीस की गाडी शो, परेड, क्लबचे कार्यक्रम एवढ्यापुरतीच, मोकळेपणाने चालवायला एकटा ऑगस्ट महिना, तेव्हाच डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा असतो.

शेवटचा भारताचा मुद्दा खास आमच्या पुण्याच्या काकांसाठी, कारण त्यांनी लगेच ‘इकडे पाठव, मी सांभाळतो’ असं लिहून थम्ब्स-अप टाकलाय. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या आयातीचे नियम सैल झालेत हे खरं, पण नियम सैल होणं आणि कस्टम ड्यूटी माफ होणं यात फरक आहे काका, ड्यूटी पूर्ण लागते, आणि ती भरली की गाडीची किंमत दुपटीच्या वर जाते. मग २०२१ च्या व्हिंटेज नियमाप्रमाणे रजिस्ट्रेशन, नवीन असेल तर २० हजार रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, आणि गाडी काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या वापराला परवानगी नाही. स्टीअरिंग डावीकडे आहे ते तुम्ही पाहिलं असेलच. डेक्कनला भाजी आणायला नेणार असाल तर आधी मंडईत रॅली ठेवायला सांगा.