गाडी पुन्हा घसरली जी!

आमच्या गावात रेल्वे येत नाही, तरी यंदाच्या उन्हाळ्यात महिनाभर रोज रेल्वे अपघात झाला. स्थळ आमची ओसरी. वेळ संध्याकाळची, वीज असली तर. जखमी एकच, मी. रुळांचा अर्धा घेर पलंगाखालून जातो आणि पडलेलं इंजिन काढून वर येताना कपाळ पलंगाच्या पाटीवर आदळल्याशिवाय राहत नाही.

इंजिन भाच्यानं परदेशातून आणलेलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. पुढं दोन बारकी चाकं, मधात आठ मोठी, मागं पुन्हा दोन. असल्या इंजिनाला रेल्वेवाले मिकाडो म्हणतात. आमच्या हिच्या तोंडी त्याचं नाव ‘तुमची ते बला’. दिसायला वाफेचं, चालतं विजेवर, त्यामुळं आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “कोयसा कुठी टाकता जी?”

पुढची दोन बारकी चाकं सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथं, आली की हमखास खाली. मागची आठ बिचारी सरळमार्गी, पण पुढारीच वाट सोडतो म्हटल्यावर ती काय करतील!

आता आमच्याकडं रेल्वेतलं न कळणारा माणूस नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद रुळांची (नॅरोगेज) गाडी शकुंतला सगळ्यांनी पाहिलेली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. तेव्हा ज्यानं आयुष्यात एकदा दारव्ह्याहून तिचं तिकीट काढलं, तो आमच्या ओसरीवर चीफ इंजिनिअर.

“वजन कमी हाये,” शेजारचे बापूजी म्हणाले. पंक्चरवाल्याकडून मोटारीच्या चाकांना लावायच्या शिशाच्या पट्ट्या आणून इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या वरच्या भागाला चिकटवल्या. इंजिन जड झालं आणि जास्त आवाज करून पडू लागलं.

मग संशय कापसावर. भाव चढेल या आशेवर मागच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला, आणि भाव काही चढायचं नाव घेत नव्हता. इंजिन उलटं करून चिमट्यानं आसाभोवतीची सरकी-सुताची गुंडाळी ओढली, तर एवढा कापूस निघाला की हिनं त्याची वात वळून देवापुढं लावली. “काहीतरी कामाचं निघालं बाप्पा तुमच्या गाडीतून!” गाडी हलकी फिरू लागली. आता ती जोरात पडायची.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला, आणि ज्या प्लायवूडवर रूळ ठोकले होते त्यानं पोट काढलं. रुळांच्या जोडावरून नख फिरवलं की अडकायचं. कानशीनं जोड घासले, उन्हात रूळ वाढतात म्हणून मधे पोस्टकार्ड मावेल एवढी फट सोडली, प्लायखाली पाचरी मारल्या. सपाटी पाहायला कपाटाचा आरसा काढून लावला. त्यात माझंच तोंड वाकडं दिसलं. अपघात दिवसाला सातावरून चारावर आले. हे यश मी रात्री जेवताना सांगितलं. कोणी दखल घेतली नाही.

शेवटी गावातल्या सोनाराकडं गेलो. त्यानं बारकं व्हर्नियर काढलं, पुढच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंचं अंतर मोजलं आणि म्हणाला, “सर, चवदाच हाये.” पाहिजे होतं साधारण चौदा पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. तेवढं अंतर कमी पडलं की चाकाची कड सांध्यात जिथं नको तिथं शिरते आणि वर चढते. नथीची फिरकी सोडवावी तसं त्यानं एक चाक चिमटीत धरून किंचित पिळत बाहेर ओढलं, पुन्हा मोजलं, पुन्हा ओढलं. महिनाभर गाव ज्यासाठी ओसरीवर बसलं होतं, ते एका चहाच्या वेळात झालं. पैसे घेतले नाहीत. “सोनं असतं त घेतले असते,” म्हणाला.

त्या संध्याकाळी गाडी पलंगाखाली गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. एकदा, दोनदा, दहादा. मी टाळीची वाट पाहत मान वर केली (पाटी लागली). ओसरीच्या पायरीवर रोज बसणारी पोट्टी गप्प होती. गाडी कोणत्या फेरीला पडते यावर त्यांचे कंचे लागायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यातला एक खिसा चाचपत उठला.

“सर, ते पहिलंवालं चाक लावा ना जी परत.”