17 दिवस, 23 किलो

न्यू जर्सीहून पुण्याला सुट्टीवर येणाऱ्यांनी पुढचा मजकूर विमानात बसण्यापूर्वी वाचावा. लेखक स्वतः कधी परदेशी गेलेला नाही. त्याचे थोरले बंधू गेलेले आहेत, आणि त्यांना मुंबईच्या विमानतळावरून घेऊन येण्याचं खातं कायमचं लेखकाकडे आहे. तेव्हा अनुभवात कमी नाही.

आधी तारखा ठरवा. तिकडच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सुटतात. तुम्ही येईपर्यंत हापूस संपून छत्र्या निघालेल्या असतात. म्हणून डिसेंबर बरा. सवाई गंधर्व महोत्सव तोवर उरकलेला असतो, म्हणजे 'यंदाही हुकलं' असं हळहळण्याचीही सोय होते. नाताळची सुट्टी दहा-बारा दिवसांची असली तरी शाळेला 'कौटुंबिक कारण' कळवून तिचे 17 दिवस करा. त्यातले चार गोव्यासाठी राखून ठेवा. वर्षातला सर्वांत महाग आठवडा तोच असतो, पण डॉलरने भागलं की काहीच वाटत नाही.

भागाकाराचा नियम मात्र नीट समजून घ्या. लक्ष्मी रोडवर पैठणी घेताना भागायचं. रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त मागितले की भागायचं नाही. तिथे तत्त्वाचा प्रश्न असतो.

बॅगा माणशी दोन, प्रत्येकी 23 किलो. चौघांचे 184 किलो होतात. त्यात बदाम भरा. कॉस्टकोतल्या तीन-तीन पौंडांच्या पिशव्या. हे बदाम कॅलिफोर्नियाचे असतात. मार्केट यार्डातले बदामही बहुतेक कॅलिफोर्नियाचेच असतात, पण असं कुणी सांगू लागलं तर 'तिकडची क्वालिटी वेगळी' म्हणून विषय संपवावा. उरलेल्या जागेत चॉकलेटं आणि वासाची लोशनं. फक्त लोशन वाटण्यापूर्वी आईचं कपाट उघडू नका. 2019 सालचं पीच तिथे अजून सीलबंद उभं आहे.

घरी पोचलात की न्हाणीघराकडे लक्ष जाईल. नवा गीझर, नव्या टाइल्स, दाराला नवी कडी. बाबांनी दिवाळीपासून प्लंबरच्या मागे लागून हे करून घेतलंय. तुम्ही 'पाण्याला प्रेशर नाही' असं म्हणा. घरात फिल्टर आहे, तरी वीस लिटरचे चार जार मागवा. मुलांनी दातसुद्धा त्याच पाण्याने घासले पाहिजेत. स्वतः मात्र दुसऱ्याच संध्याकाळी कोपऱ्यावर उभं राहून तिखट पाणीपुरीच्या दोन प्लेटा खाव्यात आणि चौथ्या दिवशी पोट धरून 'इथलं पाणीच खराब' असं जाहीर करावं. आई मऊ भात आणि मेतकूट देईलच.

पैशांची काळजी नको. तुमचं इथलं सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलंय, त्यामुळे ओटीपी येत नाही, त्यामुळे बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. दुकानदार 'स्कॅन करा' म्हणाला की भावाकडे पाहायचं. भाऊ स्कॅन करतो. 'हिशेब ठेव रे, जाताना करू' हे वाक्य ठणकावून म्हणावं. (2016 पासूनचा हिशेब लेखकाकडे आहे. कुणाला बघायचा असेल तर.)

आता भेटीगाठी. जेट लॅगचे तीन, गोव्याचे चार आणि दाताच्या डॉक्टरचे तीन दिवस वजा करा. दाढ मार्चपासून दुखत असली तरी डिसेंबरपर्यंत सांभाळून आणलेली असतेच. तिकडच्या खर्चात इथे रूट कॅनाल, चौघांचे चष्मे आणि बायकोच्या सगळ्या रक्तचाचण्या उरकतात. उरले सात दिवस आणि 26 घरं. प्रत्येक घरी चाळीस मिनिटं, पोहे आणि 'अगं, काहीच खात नाहीत ही मुलं'. मुलांकडून भीमरूपी म्हणवून घ्यावी. धाकटी आजोबांना 'आजोबा, तू कुठे चालली?' असं विचारते, त्याचं सगळ्यांना कौतुक वाटतं. तिला दुरुस्त करू नका, पुढच्या घरी तेच पुन्हा म्हणायचं आहे. आत्या सुनेची ओटी भरतील. खण घ्या, नारळ आमच्या स्वयंपाकघरात ठेवा. जानेवारीभर आम्ही सोलकढी पितो.

चिंचवडच्या मामांना मात्र फोनच करावा. ते फार लांब राहतात. साडेबारा हजार किलोमीटर उडून आलेल्या माणसाला कोथरूडहून चिंचवडचे सतरा-अठरा किलोमीटर खरोखरच जड जातात. 'पुढच्या वेळी पहिले तुमच्याकडे' म्हणा. मामा 81 वर्षांचे आहेत आणि हे वाक्य त्यांना पाठ आहे. कधी कधी तुमच्या आधी तेच म्हणून टाकतात.

आईबाबांसाठी वेगळा दिवस काढण्याचं कारण नाही. ते घरातच असतात.

शेवटच्या रात्री वजनकाटा काढा. बॅग काट्याच्या हुकाला अडकवून भावाने ती हाताने उचलायची, तुम्ही आकडा वाचायचा. भाजणी, गोडा मसाला, कुरडया, बाकरवडी, चांदीची समई: 24.4. काहीतरी काढावं लागणार. समई काढवत नाही, बाकरवडी ऑफिसात वाटायची आहे. गोधडी काढा. आईच्या जुन्या नऊवारीची, तिने स्वतः हाताने शिवलेली, दीड किलो भरते. 'पुढच्या वेळी नक्की नेतो' असं सांगून कॉटवर ठेवा. गेल्या तीन खेपा ती तिथेच ठेवलेली आहे. थंडीत लेखक पांघरतो, चांगली ऊब देते.

न्यू जर्सीत, एडिसनला पोचल्यावर पहिल्या रात्री तीनला जाग येईल. भूक लागलेली असेल आणि फ्रिज रिकामा. बॅगेच्या तळाशी स्टीलचा डबा सापडेल. काट्याच्या गडबडीत आईने तो कधी सरकवला ते कुणालाच कळलेलं नसतं. आत लाडू असतील, बदामाचे. पुण्यात तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, फोन करायला हरकत नाही. आई पहिल्याच रिंगला उचलेल आणि लाडू कसे झालेत ते विचारेल. बदाम कुठले आहेत हे तिला चांगलंच ठाऊक आहे. तुम्ही आपलं, 'असं इकडे काही मिळत नाही' म्हणा.