मैफल संग्रहालयात, फोन खणाच्या पिशवीत

संग्रहालयात फोनमुक्त मैफल भरवायचं ठरवलंत? आधी अभिनंदन. नाट्यगृह, शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप अशा, जिथे गाणं ऐकू येतं त्या सगळ्या जागा सोडून तुम्ही बरोबर ठिकाणी आलात.

जागा बघायला जाताना कान घरी ठेवा, डोळे पुरतात. उंच छत, घोटीव फरशी, भिंतीवर कोणीतरी दाढीवाले सर, एवढं दिसलं की तारीख पक्की करून टाका. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवा. १८७२ साली लोकांसाठी उघडलं. लोखंडी खांब, सोनेरी मुलामा, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरश्या. असलं काही बघितलं की आयोजकाच्या मनात पहिला विचार येतो, ‘फोटो काय येतील!’ आणि दुसरा, ‘फोटोला बंदी घालू या.’ हे दोन्ही विचार एकाच चहात सुचायला हवेत. ज्याला एकच सुचतो त्याने साधी मैफल करावी.

समितीतलं कोणी आवाज घुमण्याची शंका काढेल. त्याला वॉलेस सेबाइनची गोष्ट सांगा. १८९५ च्या सुमाराला हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवंकोरं व्याख्यानगृह असं घुमायचं की तोंडून निघालेला शब्द साडेपाच सेकंद हवेत राहायचा. विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाला म्हटलं, बघ काही करता येतं का. सेबाइन रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचा आणि गाद्या परत नेऊन ठेवायचा. सभागृहाचं ध्वनिशास्त्र या उद्योगातून उभं राहिलं. म्हणजे ते जन्माला आलं तेच एका कलासंग्रहालयात, तिथे धड काही ऐकू येईना म्हणून! तुम्ही कशाला गाद्या वाहताय? भारतीय बैठक ठेवा, पुढच्या दोन रांगांना लोड द्या, बाकीचं साऊंडवाला बघेल. साडेपाच सेकंदांत द्रुत तीनतालाचं अख्खं आवर्तन उलटतं. एक सम आली तरी मागची अजून छताला लोंबकळत असते. निवेदनात याला ‘वास्तूचा प्रतिसाद’ म्हणायचं.

एक उदाहरण मात्र समितीसमोर काढू नका. महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समध्ये हलवली होती. रिकाम्या गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. एक शिलिंग तिकीट. १९४६ पर्यंत जवळजवळ १,७०० मैफली झाल्या, बाँब पडायला लागले तेव्हा तळघरात झाल्या. फोन नाही, भिंतीवर नेहमीची चित्रं नाहीत, तरी लोक येत राहिले. हे प्रायोजकाला सांगितलंत तर तो विचारणार, ‘मग बॅकड्रॉपला काय होतं?’

आता दीपप्रज्वलन. संग्रहालयात ज्योत चालत नाही हे आदल्या दिवशीच कळेल, असं बघा. मग सेलवरची समई आणायची. आम्ही आणली होती. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं, ती पेटली नाही, कारण सेल उलटे होते. शेवटी संग्रहालयाच्या शिपायाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि झाकण उघडलं. सगळ्या संध्याकाळीत टाळ्या मनापासून पडल्या त्या त्यालाच.

फोनसाठी परदेशात चुंबकाच्या कुलपाच्या थैल्या मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या याँडर कंपनीने २०१४ पासून हाच धंदा केलाय. फोन तुमच्याकडेच, पण बंदिस्त. आपण बचत गटाकडून खणाच्या पिशव्या शिवून घ्यायच्या. नाडी ओढायची, गाठ मारायची, टोकन लावायचं. यात सुरक्षा शून्य, पण फोटोत छान दिसतात. दारावर चपलांच्या काउंटरसारखी खिडकी करा आणि तिथे सोशिक मुलगी बसवा. आमच्या खिडकीवर एक काकू आल्या.

“ठेवते हो. एवढं सुप्रभात पाठवते आणि ठेवते.”

“काकू, संध्याकाळचे साडेसहा झालेत.”

“उद्याचं गं. उद्या विसरायला होतं.”

त्यांच्यामागे तीस जण. त्यातल्या एका काकांनी फोन काढून दिला, टोकन खिशात घातलं आणि तोच खिसा वरून दोनदा चापपला. तिकडे तुम्ही लक्ष द्यायचं नाही. ते काका मुख्य देणगीदाराचे साडू असतात.

निवेदिकेला संशोधनाचा आधार द्या, भारदस्त वाटतं. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या मुलांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात, एखादा तपशील झूम करून टिपला तर आठवण तितकी पुसट होत नाही असंही दिसलं होतं. ते वाक्य गाळा, नाहीतर लोक झूम करायची परवानगी मागतील. आमच्या निवेदिकेने ही माहिती फार सुरेख वाचली. फोनवरून.

श्रोत्यांना ‘फोन सायलेंटवर टाका’ एवढंच सांगा, अलार्मचा विषय काढू नका. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये मालरच्या नवव्या सिंफनीच्या अखेरच्या हळुवार भागात पहिल्या रांगेत आयफोन वाजत राहिला आणि संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वाद्यवृंद थांबवला. फोन सायलेंटवर होता. वाजला तो अलार्म, आणि मालकाला तो आपलाच आहे हे बराच वेळ उमगलं नव्हतं. आपल्याकडे सगळे फोन एकाच टेबलावर, एकाच रंगाच्या पिशव्यांत असतात. विलंबित चालू असताना त्यातला एक वाजतो. मग ती सोशिक मुलगी दोनशे पिशव्यांना एकेक करून कान लावत फिरते. खरं सांगतो, त्या संध्याकाळी इतकं एकाग्र होऊन दुसरं कोणीच ऐकत नव्हतं.

वातानुकूलन वाढवा. बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो, आणि चित्रांना ऊब सोसत नाही. गार हवेत तानपुरे बेसूर होतात, गवई ते लावत बसतात, श्रोत्यांना वाटतं आलाप सुरू झाला. वाया काही जात नाही.

फोटोची काळजी तर अजिबात करू नका. आयोजकांचे तीन कॅमेरे आणि एक ड्रोन फोनमुक्तीचं चित्रण करायला असतातच. शिवाय भैरवी संपली की पिशव्या सुटतात. कलाकार चहाला गेलेले असतात, तानपुरे खोळीत गेलेले असतात, आणि दोनशे माणसं रिकाम्या गादीसमोर सेल्फीसाठी रांग लावतात. हॉल फार सुंदर येतो.

दुसऱ्या दिवशी रसिकांच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, पहिला राग कोणता होता? मारवा की पूरिया? दोन्हींचे स्वर तेच, चलन, म्हणजे स्वर फिरवायची रीत, निराळं, त्यामुळे रसिकांना भांडायला उत्तम. गायकाने सुरुवातीला नाव सांगितलं होतं, पण ते छतात गेलं. वास्तूचा प्रतिसाद. दुपारपर्यंत ऐंशी मेसेज होतात, दोघं ग्रुप सोडतात, कोणीतरी म्हणतं, रेकॉर्डिंग असतं तर...

तेवढ्यात साडूकाका बावीस मिनिटांची ध्वनिफीत टाकतात. मी सगळी ऐकली. बरीचशी खादीच्या खिशाची खसखस आहे, लांब कुठेतरी तबला आहे. अकराव्या मिनिटाला काकांचा आवाज स्वच्छ येतो, “पूरिया.” आणि लगेच शेजारून काकूंचा, “मारवा. गप्प बसा.”