आधी त्या धाग्याचं बोला!

पुन्हा तेच! रात्री साडेबारापर्यंत जागून एका चिनी मालिकेचा अकरावा भाग पाहिला आणि डोकंच फिरलं. चिनी मालिकांमधली हलकीफुलकी प्रेमकथा मला मनापासून आवडते. पण रहस्य आहे म्हणून बसवायचं आणि ते वाऱ्यावर सोडायचं, हे किती वेळा सहन करायचं?

नायिका शवपरीक्षा करणारी. प्रेतावरची चादर सारते, बोट उचलते, नखात अडकलेला निळा धागा चिमट्याने अलगद काढते. मी सरसावून बसते. तेवढ्यात तिचा पाय घसरतो, नायक तिला झेलतो, दोघं गोल गोल फिरतात. तीन बाजूंनी, संथ गतीत, वर गाणं. आणि धागा? पुढचे चार भाग त्याचं नावसुद्धा नाही!

अहो मालिकावाल्यांनो, तुमच्याच चीनमधल्या सोंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली शवपरीक्षेवर ग्रंथ लिहिलाय. त्यात विळ्याने झालेल्या एका खुनाची हकिगत आहे. गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले. रक्ताच्या वासाने माश्या एकाच विळ्यावर घोंगावल्या आणि खुनी सापडला. एवढं सोनं घरात असताना तुम्ही दरवेळी शेवटच्या भागात घाईघाईने कबुलीजबाब उरकता?

वर सुरुवातीच्या गाण्यातच पुढच्या भागांतली दृश्यं दाखवून ठेवता.

त्या दोघांचं जमणार, हे पहिल्या भागापासून ठाऊक आहे हो. तो निळा धागा कोणाच्या कपड्याचा होता, ते सांगा आधी!