पंधरा आणि पन्नास वर्षांमधली पोलीस जीप

जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या धोरणावरून पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत जे वाद रंगतात, ते बहुतेक खासगी गाड्यांपुरते असतात. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल नाकारण्याचा निर्णय लागू झाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, तेव्हाही बोलणे झाले ते स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीबद्दलच. सरकारी गाड्यांसाठी कोणी हळहळले नाही. वास्तविक जानेवारी २०२३ मध्ये निघालेल्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, सरकारी खाती, महापालिका आणि सार्वजनिक उपक्रमांच्या ज्या वाहनांना १५ वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांच्या नोंदणीचे त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून नूतनीकरण होत नाही आणि ती थेट नोंदणीकृत मोड केंद्रात पाठवावी लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातली चिलखती व तत्सम विशेष वाहने तेवढी यातून वगळलेली आहेत. ठाण्याच्या आवारात उभी असणारी साधी जीप त्यांत बसत नाही.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर पुण्याहून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात जे अभियंते आले, त्यांतला मी एक. काळा धूर सोडणारी गाडी रस्त्यावरून हटलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही येथे सेवेतून काढलेल्या पोलीस गाड्या जिवापाड जपणारी माणसे पाहिल्यापासून आपल्या नियमातली एक फट मला खुपते आहे.

या मंडळींत ‘रोव्हर एसडी-१’ या गाडीला मोठा मान आहे. तिचे साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन महामार्गावरच्या गस्तीसाठी पोलिसांच्या पसंतीस उतरले होते, आणि ८ मे १९८७ रोजी स्टॅनस्टेड विमानतळावर उतरलेले प्रत्यारोपणाचे यकृत लंडन पोलिसांनी याच गाडीतून, शुक्रवारच्या भर रहदारीत, लंडनमधल्या क्रॉमवेल रुग्णालयात अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवले, ही हकीकत येथील हौशी माणसांना तोंडपाठ आहे. (याच गाडीचा सांगाडा घेऊन मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड २०००’ तयार झाली, तिला मात्र जुनाट दोन लिटरचे इंजिन बसवल्याने ती रूपाने राजबिंडी आणि चालीने मंद निघाली.) सेवेतून काढताना पोलीस खाते दिवे, रेडिओ, भोंगा उतरवून घेते आणि छताला भोके पडलेली, नेमका वेग दाखवण्यासाठी तपासून जुळवलेला स्पीडोमीटर असलेली, भरपूर पळालेली गाडी लिलावात जाते. ती घेणारा पुढे कित्येक वर्षे गंज कापतो, पत्रा जोडतो, त्या काळचा रेडिओ शोधतो, डिकीत रस्त्यावरचे शंकू आणि काचा लोटायचा झाडूसुद्धा ठेवतो. एवढे करून गाडी विकली तरी घातलेला पैसा सहसा वसूल होत नाही, हे ठाऊक असूनही तो ते करतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त वाहतूक पोलीस या खर्चाचा हिशेब मुद्दामच ठेवत नाहीत. पत्नीच्या हाती लागेल ही भीती, असे ते सांगतात.

‘अशा गाड्या बाहेर गेल्या तर तोतया पोलिसांचे फावेल’ हा आपल्याकडचा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. येथील कायदा त्याबाबत कडक आहे. पोलिसांची बतावणी हा गुन्हा आहेच, शिवाय १९८९ च्या नियमांप्रमाणे खासगी वाहनावर निळा दिवा बसवता येत नाही, मग तो पेटणारा असो वा बंद. म्हणून रस्त्यावरून प्रदर्शनाला जाताना बहुतेक मालक दिवे काढतात किंवा झाकतात, आणि ‘पोलीस’ हा शब्दही चुंबकी पट्टीखाली दडवतात. आपल्याकडे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. पण खासगी मोटारीच्या काचेमागे ‘पोलीस’ अशी पाटी ठेवणारे आजही दिसतात, आणि त्यासाठी त्यांना सेवेतून काढलेल्या (निर्लेखित) कोणत्याही जीपची गरज पडलेली नाही.

इंग्लंडमध्ये सारे गोडच आहे असेही नाही. लंडनच्या पंजाबी वस्तीच्या साउथॉल भागात २३ एप्रिल १९७९ रोजी ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांवर पोलीस तुटून पडले आणि ब्लेअर पीच या शिक्षकाचा मृत्यू झाला. तो काळ पाहिलेल्या पंजाबी वृद्धाला त्या वेळच्या गस्तीच्या गाडीकडे कौतुकाने पाहा, असे मी सांगू शकणार नाही. आपल्याकडच्या निळ्या पोलीस व्हॅनबद्दलही गिरणी संपातला कामगार वेगळेच बोलेल. पण म्हणूनच ती गाडी शिल्लक असायला हवी, असे मला वाटते; राग धरायलाही वस्तू समोर लागते.

येथे वयावरून गाडी मरत नाही. दरवर्षीच्या तपासणीत ती उत्तीर्ण झाली की चालते आणि ४० वर्षांनंतर, मूळ रूप फारसे बदललेले नसेल तर, त्या तपासणीतूनही सूट मिळते. लंडनमध्ये मधल्या वयाच्या जुन्या गाड्यांना प्रदूषणापायी दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात, ही कुरकुर रास्त आहे. पण पैसे भरून का होईना, गाडी जगते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगलेच झाले. मात्र १५ व्या वर्षी जी जीप सक्तीने चिरडली जाते, ती ५० वर्षांची होणार कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर ‘मिलिटरी डिस्पोजल’च्या जीप लिलावात निघाल्या, म्हणूनच त्यांतल्या काही आजही महाराष्ट्रात धावताना दिसतात. हजारो सरकारी गाड्या मोडीत जाव्यात. परंतु प्रत्येक जिल्ह्याने निर्लेखनाच्या यादीतून एखादी जिप्सी, एखादी जुनी जीप दिवे आणि पाट्या उतरवून, रोजच्या वापराला बंदी घालून, भंगाराच्याच भावात एखाद्या वेड्या माणसाला विकावी, एवढी दुरुस्ती त्या अधिसूचनेत करायला काय हरकत आहे?